काडेपेटीचा मान

"आगीला कोण घाबरत नाही? हात वर करा बघू."

मुजुमदार बाईंनी विचारायचा अवकाश, नववी 'ब'चे हात भराभर वर गेले. मी तर स्टुलावरून अर्धी उठूनच हात वर केला होता. न जाणो, बाईंना दिसला नाही तर! पहिल्या नंबरच्या मुलीला ही खोड लागतेच. प्रश्न नीट ऐकण्याआधी हात वर. सगळ्या प्रयोगशाळेत एकच हात खाली होता, द्वारका परदेशीचा.

"का गं? तू घाबरतेस?"

"हो बाई. मी भिते."

वर्ग खो खो हसला. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. परदेश्यांची चुरमुऱ्या-फुटाण्यांची भट्टी बाजारपेठेच्या तोंडाशीच होती. शाळेत येता-जाता तापलेल्या वाळूचा आणि भाजक्या हरभऱ्यांचा वास नाकात शिरायचा. त्या घरची पोर आगीला भिते म्हणजे गंमतच.

"तू तर रोज भट्टीपाशी असतेस ना?" बाईंनी विचारलं.

"म्हणूनच भिते, बाई. ज्यांनी बघितलीच नाही, त्यांना हात वर करायला काय जातंय?"

हसू थांबलं. बाईंनी टेबलाच्या खणातून नवी कोरी काडेपेटी काढली, चालत द्वारकापर्यंत गेल्या आणि ती तिच्या हातावर ठेवली.

"आजपासून बर्नर पेटवायचे ते द्वारकानं. दुसऱ्या कुणीही काडी ओढायची नाही."

माझा हात अजून वरच होता. शेजारच्या सुनंदानं तो ओढून खाली केला.

ही चौऱ्याऐंशी सालच्या जूनमधली गोष्ट. आमच्या मुलींच्या शाळेत तोवर स्पिरिटचे दिवे होते. गावातलाच कुणी पुण्याला जाऊन कारखानदार झाला होता, त्यानं शाळेला गॅस बसवून दिला. व्हरांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडर, तिथून भिंतीवरून नळी, आणि आठ टेबलांवर आठ बर्नर, प्रत्येकाला आपापला कॉक. मुजुमदार बाई तशाही कडक, त्यात आता गॅस आलेला. प्रयोगाच्या दिवशी त्या स्वतः सुती साडी नेसून यायच्या, पदर कमरेला खोचलेला असायचा. मुलींच्या वेण्या रिबिनीनं वर बांधल्याशिवाय दार उघडायचं नाही. जळकी काडी वाळूच्या डब्यातच पडली पाहिजे. दाराशी पाण्याची बादली आणि तिच्यात भिजत घातलेलं गोणपाट. हे सगळं आम्हाला पाठ होतं.

आणि गॅसच्या बाबतीत मी जरा तोऱ्यातच होते. वडील एसटीच्या डेपोत मॅनेजर, त्यामुळे आमच्या आळीत पहिला गॅस आमच्या घरी आला होता. वर्गात तर दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. आईनं शेगडीला हळदकुंकू लावलं होतं, आणि पुढचे दोन महिने मी वर्गात येता-जाता "आमच्या गॅसवर" असं म्हणून वाक्य सुरू करत होते. पहिल्या दिवशी बाईंनी स्वतः बर्नर पेटवला तेव्हा ज्योत पिवळीधमक, लवलवती आली. मी लगेच उठले.

"बाई, बर्नर खराब आहे. आमच्या गॅसची ज्योत निळी असते. आई म्हणते, पिवळी ज्योत म्हणजे गॅस फुकट आणि भांडी काळी."

बाई हसल्या. "स्वयंपाकघरात तुझ्या आईचं अगदी बरोबर आहे. पण तुझी आई दूध ठेवून तिथंच उभी असते. इथं तीस मुली इकडून तिकडे फिरणार. ही पिवळी ज्योत लांबून दिसते. आता गंमत बघा."

त्यांनी बर्नर खिडकीशी, उन्हात नेला आणि नळीच्या बुडाशी असलेली कॉलर फिरवली. कॉलर फिरली की भोक उघडतं, हवा आत शिरते. ज्योत निळी झाली आणि त्या उन्हात चक्क नाहीशी झाली. बर्नर विझल्यासारखा उभा. बाईंनी त्यावर एक कागद धरला, तो काहीच नसताना भसकन पेटला. पुढच्या ओळीतल्या मुली किंचाळल्याच.

"म्हणून काम चालू असेल तेव्हाच निळी. हातातलं काम थांबलं, जागेवरून उठायचं झालं, की ज्योत पिवळी. आणि कॉलरला हात लावायचा तो काडेपेटीवालीनंच."

तो कागद कसा पेटला ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको.

बाईंनी आणखी एक ठरवून दिलं होतं. नियम चुकला की फळ्याच्या कोपऱ्यात एक फुली. तीन फुल्या झाल्या की काडेपेटी दुसऱ्या मुलीकडे जाणार, आणि ती दुसरी मुलगी म्हणजे मी, हे बाईंनी वर्गात सांगितलं होतं. डिसेंबरात नाशिकला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. बाई एकाच मुलीला घेऊन जाणार होत्या. जिच्या हातात तेव्हा काडेपेटी असेल, तिला.

मी घरी जाऊन आईला सांगून टाकलं, "माझा नंबर लागलाय. बाईंबरोबर मीच जाणार." इतक्या वर्षांत कुठल्या गोष्टीत माझा नंबर लागला नव्हता? आज ना उद्या लागणारच, आधी सांगितलं म्हणून काय बिघडलं? आईनं त्याच आठवड्यात नाशिकच्या मामीला पत्र टाकलं आणि मला नवा फ्रॉक शिवायला टाकला.

आणि मग मी द्वारकाच्या चुकीची वाट बघायला लागले.

ती चुकायची नाही. काडी आधी ओढायची, अंगापासून लांब धरायची, पेटती काडी नळीच्या काठाला न्यायची आणि मग डाव्या हातानं कॉक उघडायची, सगळं सावकाश, घाई नाही की धसमुसळेपणा नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ती जायची तेव्हा एरवी चिवचिवणारा वर्ग गप्प असायचा. अभ्यासात तशी बेताचीच, सहामाहीत विज्ञानात बावन्न. पण बाई तिच्या हातांकडे बघत उभ्या राहायच्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते माझे शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क वाचून दाखवताना कधी आलं नव्हतं. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाचवीपासून बाई माझ्या होत्या. डबा खाताना त्या मला जवळ बोलवायच्या, वह्या माझ्याकडून उचलून घ्यायच्या. आता "द्वारका, जरा बघ गं", "द्वारका, तुला काय वाटतं?"

एकदा तिनं कागदात बांधून गरम फुटाणे आणले. बाईंनी ते मधल्या सुट्टीत एकेक करून सगळे खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं आईकडून नारळाच्या वड्या करून घेतल्या आणि डबा बाईंपुढे धरला.

"अगंबाई, इतक्या? वर्गात वाट हो," म्हणून बाईंनी एक उचलली आणि तीही अर्धी सुनंदाला दिली.

पहिली फुली द्वारकाची तिच्याच हातून झाली, ऑगस्टात. तिची रिबीन सुटून वेणी खांद्यावर आली. बाईंनी फळ्यावर फुली मारली. दुसरी मी मिळवून दिली.

"बाई, द्वारकानं जळकी काडी टेबलावर ठेवली. वाळूत नाही टाकली."

खरंच ठेवली होती. एक मुलगी शिंकली, काडी विझली, आणि ती हातात धरून ठेवण्याऐवजी द्वारकानं क्षणभर टेबलावर टेकवली. बाईंनी दुसरी फुली मारली. वर्ग सुटल्यावर द्वारका माझ्याजवळ आली. आता भांडेल म्हणून मी कंबर कसून उभी राहिले.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं. धुमसत होती ती काडी."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं आभार मानले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

नोव्हेंबर उजाडला. फुल्या दोनच. घरी फ्रॉक शिवून आला होता, आकाशी रंगाचा, पांढऱ्या कॉलरचा. आई रोज विचारायची.

"काय गं वैजू, तारीख ठरली का? मामी विचारतेय, मुक्कामाला आमच्याकडे की बाईंबरोबर?"

"सांगते गं. बाईंना विचारून सांगते."

"बाईंना म्हणावं, चांगली भाकरी-चटणी देते बरोबर. बाहेरचं खायला नको."

आळीतल्या सगळ्या बायकांना आईनं सांगितलं होतं. आता नाशिकला मी गेले नाही तर आईचं तोंड कुठे राहणार, आणि माझं?

त्या गुरुवारी शेवटचे दोन तास प्रयोगाचे होते. मोरचुदाचे निळे खडे तापवायचे, त्यातलं पाणी उडून जातं आणि ते पांढरे होतात. तापवण्याआधी आणि तापवल्यानंतर वजन करायचं. तराजू कोपऱ्यातल्या कपाटाशी होता, म्हणून मुलींना टेबल सोडून जावं लागायचं. जाताना त्या ओरडायच्या, "द्वारका, पाच नंबर!" की द्वारका येऊन पाच नंबरची ज्योत पिवळी करून जायची.

"द्वारका, तीन नंबर!"

तिसऱ्या टेबलाच्या मुली वजनाला गेल्या. द्वारका आली, कॉलर फिरवली, पिवळी ज्योत वर आली, ती एकदा नीट बघून द्वारका सातव्या टेबलाकडे गेली. मी चौथ्या टेबलाशी होते. सुनंदा निरीक्षणं लिहून घेत होती, तिची मान खाली. बाई पहिल्या टेबलाशी होत्या, तिथून दुसऱ्याकडे येणार, मग तिसऱ्याकडे.

मी चिमटा आणायच्या निमित्तानं उठले. तिसऱ्या टेबलाजवळून जाताना दोन बोटांनी कॉलर फिरवली. अर्धीच. पूर्ण फिरवली की निळी ज्योत सूं असा आवाज करते, मुलींनी लगेच माना वळवल्या असत्या. अर्ध्यावर ती गुपचूप जळते. चिमटा घेऊन मी जागेवर परत आले.

मला फक्त एक फुली हवी होती. बाई तिसऱ्या टेबलाशी येतील, टेबलाशी कुणी नाही आणि ज्योत निळी, हे बघतील आणि फळ्याकडे जातील. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी धरून चालले होते.

पण पावणेपाचचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट त्या टेबलावर उतरलं होतं. मी वळून बघितलं तर तीन नंबरचा बर्नर विझल्यासारखा दिसत होता. तो पेटलाय हे मला माहीत होतं, तरी मलाही ज्योत दिसेना.

बाई दुसऱ्या टेबलाशी आल्या. तिथल्या परीक्षानळीतून वाफ निघत होती, ती बघायला वाकल्या आणि चष्म्यावर वाफ धरली. बाईंची एक सवय होती, चष्मा पदरानं पुसायची. त्यांनी कमरेचा पदर उपसला, चष्मा काढून काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि पदर तसाच सोडून दिला. पाठ तिसऱ्या टेबलाकडे होती. पदर मागे टेबलावर जाऊन पडला.

मी बघत होते. सबंध वेळ माझी नजर तिथंच होती, दुसरीकडे कुठे असणार? पदराच्या टोकाला आधी काळी कड आली, मग पिवळी झालर. मला ओरडायचं होतं. दातखीळ बसली. हातातला चिमटा मी इतका घट्ट धरला होता की नंतर तळहाताला वळ उठले.

"बाई, पदर!"

द्वारका सातव्या टेबलापासून धावली. धावता धावता तिनं भिजलेलं गोणपाट उचललं. बाईंनी मागे हात टाकून पदर पुढे ओढला होता आणि तो पेटता पदर त्यांच्या हाताला गुंडाळला गेला. द्वारकानं गोणपाट हातावर दाबलं, दुसऱ्या हातानं तीन नंबरचा कॉक बंद केला. "सुनंदा, मोठा कॉक बंद कर भिंतीचा!" मग बाईंना मोरीशी नेलं, नळ सोडला आणि त्यांचा हात कोपरापर्यंत धारेखाली धरून ठेवला. कुणीतरी शाईची बाटली घेऊन आलं, भाजल्यावर शाई लावतात म्हणून.

"शाई नको," द्वारका म्हणाली. "हळद नको, काही नको. नुसतं पाणी. बाई, हात काढू नका, मी सांगेपर्यंत."

बाई ओठ दाबून उभ्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालभडक झाली होती, एका जागी पांढरी. वर्ग गोळा झाला होता. दोघी-तिघी रडत होत्या. पाणी पडण्याचा आवाज तेवढा होता.

"तीन नंबर निळा होता," बाई हळूच म्हणाल्या. "कुणी केला?"

सगळ्यांनी द्वारकाकडे बघितलं. कॉलर तिची होती.

"मी पिवळा करून गेले होते, बाई."

"नक्की?"

"नक्की."

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहिले असते तर कदाचित आजतागायत कुणाला कळलं नसतं. पण मला वाटलं, आता द्वारकाची बाजू घेतली तर माझ्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. मी पुढे झाले आणि शहाण्यासारखी म्हणाले,

"बाई, तिला रागवू नका ना. सवयीनं झालं असेल तिच्या हातून. घरी गॅसवर पिवळी ज्योत दिसली की आपण लगेच निळी करतो ना, फुकट जाऊ नये म्हणून."

द्वारकानं वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतीच माहिती होती.

"आमच्याकडं भट्टी आहे. गॅस नाही."

नळाची धार पडत होती. वर्गात कुणाला काही लक्षात आलं नाही, त्या सगळ्या बाईंच्या हाताकडे बघत होत्या. बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वेण्या सोडा. तास संपला."

बाई बारा दिवस रजेवर होत्या. डॉक्टर म्हणाले म्हणे, सुती होतं म्हणून निभावलं, नायलॉन असतं तर कातडीला चिकटलं असतं. त्या बारा दिवसांत वर्गानं द्वारकाला वाळीतच टाकलं. तिच्या बाकावर कुणी बसेना. "बाईंना जाळलं हिनं" असं एकीनं तिच्या देखत म्हटलं. द्वारका उत्तर द्यायची नाही. तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. ती माझं नाव घेईल म्हणून मी रोज धास्तीत शाळेत जायची आणि तिनं नाव घेतलं नाही म्हणून रोज तिच्यावर चिडून घरी यायची. असं कुणी वागतं का? एकदा तोंड उघड, मला सगळ्यांपुढे उघडी पाड, म्हणजे मीही तुला चार शब्द सुनावीन. पण नाही. ती एकटी बसून फुटाणे खायची.

तेराव्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई निरोप घेऊन आला. "वैजयंती, मुजुमदार बाईंनी लॅबमध्ये बोलावलंय."

बाई टेबलामागे बसल्या होत्या. हाताला पट्टी, हात गळ्यातल्या झोळीत. फळ्याच्या कोपऱ्यात फुल्या दोनच होत्या.

"आईचा गॅस कसा चाललाय?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे, बाई."

"ज्योत निळी आहे ना?"

मला रडू फुटलं. बाईंनी रडू दिलं. रुमालही दिला नाही आणि समजूतही काढली नाही. मी फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्धी फिरवलीस ना कॉलर? पूर्ण फिरवली असतीस तर मला आवाज आला असता. एवढं डोकं या वर्गात दोघींनाच आहे. त्यातली एक सातव्या टेबलाशी होती."

"बाई, मला फक्त फुली..."

"कळलं मला ते. पडल्या पडल्या दुसरं काम काय होतं?"

त्यांनी डाव्या हातानं खण उघडला आणि काडेपेटी टेबलावर ठेवली. तीच, कडा झिजलेली.

"सोमवारी द्वारका आणि मी नाशिकला जातोय. चार दिवस. तिच्या वडिलांशी बोलले मी. आणि आज तास सुरू झाला की वर्गाला सांगणार आहे, चूक तिची नव्हती म्हणून. कुणाची होती ते सांगणार नाही. इथले तास काळे सर घेतील, पण बर्नर तू पेटवायचेस."

पाच महिने मी ज्या काडेपेटीसाठी झुरले ती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मी हात मागे घेतले.

"मला नको, बाई. सुनंदाला द्या. कुणालाही द्या."

"मीही सुनंदालाच देणार होते," बाई म्हणाल्या. "द्वारका म्हणाली, वैजयंतीला द्या. त्यांच्या भट्टीवर ज्याच्या हातून दुसऱ्याला भाजतं, त्यालाच दुसऱ्या दिवशी जाळाशी बसवतात म्हणे. तिचे वडील म्हणतात, त्याच्याइतकं मग कुणी जपत नाही."

मी काडेपेटी उचलली. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. बाईंच्या हाताचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. नाशिक गेलं त्याचंही वाटत होतं. पण काडेपेटी मला बाईंनी दिली नव्हती. द्वारकानं दिली होती. एवढं सगळं होऊनही माझ्या पोटात दुखलं ते यासाठी.

संध्याकाळी आईला खरं सांगितलं. सगळंच. आईनं उठून मामीला दुसरं पत्र लिहायला घेतलं, आणि ते टाकायला मलाच पाठवलं. आकाशी फ्रॉक मी पुढे घातला, पण नाशिकला नाही.

सोमवारी काळे सर टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसले. मी आठ टेबलांवरून फिरले. पहिल्या बर्नरला तीन काड्या लागल्या. तिसऱ्या टेबलाशी मी थांबले. मुली कुजबुजल्या, सुनंदा म्हणाली, "काय झालं गं? पेटव की." मी काडी ओढली, काठाशी नेली, मग कॉक उघडला. पिवळी ज्योत वर आली. त्या दोन तासांत मी त्या आठ ज्योतींवरून नजर हलवली नाही. माझ्या हातांकडे मात्र कुणी बघत नव्हतं. काळे सर शब्दकोडं सोडवत होते.

द्वारका आणि मी पुढे मैत्रिणी झालो वगैरे असं काही नाही. दहावीनंतर तिचं लग्न ठरलं, मालेगावकडे गेली. शेवटच्या दिवशी मी तिला गाठून म्हटलं, "तू तेव्हाच सगळ्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगून बाईंचा हात बरा होणार होता का?" ती म्हणाली, आणि फुटाण्यांचा कागद माझ्यापुढे धरला. मी दोन घेतले. गरम होते.

पुढे मीही विज्ञानाची बाई झाले. एकतीस वर्षं झाली, दुसरं गाव, दुसरी शाळा. प्रयोगाच्या दिवशी सुतीच नेसते, आणि चष्मा रुमालानं पुसते. दर जूनला मीही विचारते, आगीला कोण घाबरत नाही? वर केलेल्या हातांकडे मी बघत नाही. काडेपेटी एखादीच्या हातावर ठेवते आणि मागे वळून बघते, कुणाचं तोंड उतरलंय ते. ती मुलगी मी लक्षात ठेवते. मग दिवाळीची सुट्टी लागायच्या आत काहीतरी निमित्त काढून काडेपेटी तिला देते, आणि वर्गासमोर देते, माझ्या हातानं.

यंदाची ती मुलगी पाचव्या टेबलाशी बसते. काडेपेटीवालीबद्दल तिच्या दोन चुगल्या करून झाल्या आहेत. उद्या गुरुवार आहे, शेवटचे दोन तास प्रयोगाचे. तोवर थांबायला नको म्हणून तिला मी आजच मधल्या सुट्टीत बोलावलं आहे.